काउंटी कोर्टहाऊस एवढी भव्य का असतात? आणि आपले विदर्भातले जिल्हे नेमके कसे पडले?

धंतोलीकर:
नमस्कार मंडळी, इथे इतिहासवाले आणि वकील दोन्ही आहेत म्हणून विचारते. हिवाळ्यात भावाकडे डॅलसला गेले होते. तिथून दक्षिणेला वॅक्साहाची म्हणून गाव आहे, भाऊ तिकडे फिरायला घेऊन गेला. गाव तसं लहानच, पण मधल्या चौकात एलिस काउंटीचं कोर्टहाऊस आहे ते बघून मी थक्कच झाले. लाल दगड, ग्रॅनाईट, वर घड्याळाचा मनोरा, आणि दारांजवळच्या खांबांवर दगडात कोरलेले चेहरे, काही सुरेख, काही मुद्दाम वेडेवाकडे केल्यासारखे. एखाद्या संस्थानिकाचा वाडा वाटावा अशी इमारत आणि आत काय तर कोर्ट. १८९७ ला पूर्ण झाली म्हणे. नंतर डेंटनला गेलो तर तिथेही तसंच, १८९६ चं. भाऊ म्हणाला टेक्सासमधे २५४ काउंट्या आहेत आणि जिकडे जाशील तिकडे असं काही ना काही दिसतंच.

तेव्हापासून डोक्यात घोळून राहिलंय की एवढ्याशा गावांनी एवढी मोठी कोर्टं बांधली कशाला आणि पैसा कुणाचा? आणि आपल्याकडे का नाही असं? आपल्या तालुक्याच्या गावची कोर्टं बघा, बहुतेक ठिकाणी पीडब्ल्यूडीची साधी पिवळी इमारत नाहीतर तहसीलच्या आवारातल्या दोन खोल्या. नागपुरात सिव्हिल लाईन्सला घुमटवाली इमारत आहे ती सोडली तर डोळ्यात भरेल असं कोर्ट मला तरी आठवत नाही. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच ना? की वेगळं काही?

प्लेनोवाला:
ताई, मी मूळचा नागपूरच्या महाल भागातला, बऱ्याच वर्षांपासून इकडे प्लेनोला, म्हणजे कॉलिन काउंटीत. आमचं काउंटीचं मुख्य गाव मॅकिनी. या विषयाचा मला फार नाद आहे त्यामुळे जरा लांबेल, चालवून घ्या.

काउंटीला जिल्हा म्हणता येईल पण आकारात ती बऱ्याचदा आपल्या एक-दोन तालुक्यांएवढीच असते. १८३६ मधे टेक्सास मेक्सिकोपासून फुटलं तेव्हा २३ काउंट्या होत्या. मग वस्ती पश्चिमेकडे सरकत गेली तशा एकीतून दोन, दोनातून चार अशा पाडत गेले, नव्याने पाडलेली शेवटची केनेडी काउंटी १९२१ ची. एवढ्या का पाडल्या तर कारण घोडा. शेतकऱ्याने सकाळी निघायचं, कोर्टातलं काम करायचं आणि अंधार पडायच्या आत घरी परत यायचं, इतक्या अंतरावर कोर्ट हवं असा हिशोब होता असं इकडे सगळीकडे सांगतात. जॉर्जियात १५९ काउंट्या आहेत, केंटकीत १२०, तिथेही हेच सांगतील. टेक्सासच्या १८७६ च्या घटनेत तर चक्क लिहून ठेवलंय की काउंटीचं मुख्य ठिकाण हलवायचं असेल तर दोन तृतीयांश मतं पाहिजेत, पण काउंटीच्या बरोब्बर मध्यापासून पाच मैलांच्या आत आणायचं असेल तर साधं बहुमत पुरे. आणि मध्य कुठे आहे ते जमीन खात्याचा कमिशनर सर्टिफिकेट देऊन सांगणार. मला हे कलम भारी आवडतं, लोकांच्या पायाखालचं अंतर थेट घटनेत आलंय.

आता इमारत मोठी का. एक म्हणजे सगळं एकाच छपराखाली होतं. खरेदीखत नोंदवायचं, लग्नाचं लायसन काढायचं, मृत्युपत्र, टॅक्स, मतमोजणी, शेरीफ म्हणजे काउंटीचा पोलिसप्रमुख, खटला, सगळं तिथेच. नागपुरात याच कामांसाठी कलेक्टर ऑफिस, रजिस्ट्रार, महानगरपालिका आणि कोर्ट असे चार दरवाजे हिंडावे लागतात. त्यामुळे लोक रोजच यायचे, मग चौकाच्या चारी बाजूंनी दुकानं, बँका, खानावळी उभ्या राहिल्या. मधे कोर्ट आणि भोवती बाजार हा जो नकाशा तुम्ही पाहिला त्याला भूगोलवाले शेल्बीव्हिल चौक म्हणतात, टेनेसीतलं शेल्बीव्हिल १८१० च्या सुमारास असं आखलं त्यावरून.

दुसरं म्हणजे पैसा. काउंटीने कर्जरोखे काढायचे आणि तिथल्याच लोकांच्या टॅक्समधून ते फेडायचे. एलिस काउंटीत तेव्हा कापसाचा पैसा खुळखुळत होता. शेजारच्या काउंटीने मनोरा बांधला तर आपला त्याहून उंच पाहिजे अशी ईर्षाही होती. शिवाय रेल्वे आपल्या गावाला यावी, सावकाराने दुकान इथे टाकावं म्हणून गावाची पत दाखवायची तर दगडाची पक्की इमारत हवीच.

आणि एक गोष्ट बघितली का तिथे, दारं इमारतीच्या कोपऱ्यांत आहेत. वॅक्साहाचीचा आर्किटेक्ट जेम्स रायली गॉर्डन, त्याने टेक्सासात अशी बरीच कोर्टं बांधली. मधे उभा मोकळा जिना, त्यावर मनोरा, आणि कोपऱ्यांत सावलीचे पडवीसारखे दरवाजे. बाहेरची हवा त्या सावलीतून आत यायची आणि गरम हवा मधल्या जिन्यातून मनोऱ्यावाटे वर निघून जायची. पंखे नसताना, टेक्सासच्या उन्हाळ्यात, कोटटाय घातलेल्या ज्युरीसाठी. आपल्या मे महिन्यात ज्याने कोर्टात दिवस काढला त्याला याची किंमत कळेल. चेहऱ्यांबद्दल गावात प्रेमभंगाची गोष्ट सांगतात, कारागिराला एक मुलगी आवडली, तिने नाकारलं म्हणून त्याने तिचाच चेहरा पुढे पुढे विद्रूप कोरला वगैरे, पण इतिहासवाले ती मानत नाहीत.

काळाकोट:
प्लेनोवाले भाऊ, मजा आली वाचून. धंतोलीकर ताई, तुम्ही म्हणता ती घुमटवाली इमारत जिल्हा कोर्टाची नाही, हायकोर्टाची आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला वाटतं तिथेच आहे.

आधी जिल्ह्यांचं सांगतो. १८५३ ला तिसरे रघुजी भोसले वारले, दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केलं. १८६१ ला नागपूर आणि सागर-नर्मदेचा मुलूख जोडून मध्य प्रांत केला, राजधानी नागपूर. जिल्ह्याचा मुख्य तो डेप्युटी कमिशनर. सुरुवातीला महसूल त्याच्याकडे, फौजदारी त्याच्याकडे आणि दिवाणीचंही बरंचसं त्याच्याकडेच, त्यामुळे कचेरी हीच कोर्ट. रयतेने मत देऊन ठरवायचं असं काही नव्हतंच, वरून हुकूम आला की जिल्हा झाला.

वर्धा घ्या. १८६२ पर्यंत तो सगळा भाग नागपूर जिल्ह्यात होता. वेगळा काढला तेव्हा जिल्ह्याचं ठाणं पुलगावजवळच्या कवठ्याला होतं, आज किती जणांना माहिती असेल! १८६६ ला ते हलवून पालकवाडी नावाच्या खेड्यात आणलं आणि तिथे रस्ते आखून नवं गाव वसवलं, तेच आजचं वर्धा शहर. रेल्वे येण्याचे दिवस होते ते, १८६७ ला गाडी नागपूरपर्यंत पोचली. म्हणजे टेक्सासात मुख्य ठिकाण हलवायला मतदान लागायचं आणि इथे साहेबाची सही लागायची, पण हलवण्यामागचं कारण दोन्हीकडे तेच, लोकांना आणि मालाला ये-जा कुठून सोपी.

आता इमारतीचं. नागपूर हायकोर्ट सुरू झालं जानेवारी १९३६ ला, त्याआधी इथे ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं. पहिले चीफ जस्टिस सर गिल्बर्ट स्टोन. ९ जानेवारी १९३७ ला गव्हर्नर सर हाईड गोवन यांनी नव्या इमारतीची कोनशिला बसवली, आर्किटेक्ट हेन्री मेड, नवी दिल्ली बांधणाऱ्या मंडळींपैकी, दिल्लीतलं कॅथेड्रल चर्च त्याचंच. ६ जानेवारी १९४० ला व्हॉईसरॉय लिनलिथगोच्या हस्ते उद्घाटन. खर्च सात लाखांच्या वर. नीट बघितली नसेल तर एकदा सकाळी साडेदहाच्या आधी जाऊन बघा, गर्दी व्हायच्या आत, वालुकाश्मावर तिरपं ऊन असतं तेव्हा. लोक तिला पोएम इन स्टोन म्हणतात ते अगदी खरं आहे.

तर माझं म्हणणं असं की ज्याच्या हातात पैसा आणि निर्णय त्याच्या गावात इमारत. अमेरिकेत तो काउंटीच्या हातात होता म्हणून वॅक्साहाचीत मनोरा उभा राहिला. इथे तो प्रांताच्या हातात होता म्हणून देखणी इमारत नागपूरला आणि आर्वी, उमरेड, ब्रह्मपुरीच्या वाट्याला खोल्या. आजही तालुका कोर्टाच्या इमारतीचा प्रस्ताव मंत्रालयातून फिरून येतो. वकिलांना बसायला बाररूम नाही, पक्षकार झाडाखाली, बायामाणसांना संडासाची सोय नाही असं मी कितीतरी ठिकाणी बघितलंय आणि मला त्याचा मनापासून राग येतो. मनोरा नको, निदान सावली द्या.

वाशिमवाला:
वकीलसाहेब वरून हुकूम आला का जिल्हा झाला म्हणता, तसा वरून हुकूम आला का जिल्हा जाते बी! आमच्या वाशिमचं सांगतो. इंग्रजाच्या काळात वाशिम हा सोताचा जिल्हा होता, बासीम म्हणत. १९०५ मधे वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेरमांडणी केली, तवा वाशिम मोडून अकोल्यात घातला अन एलिचपूर म्हणजे अचलपूर अमरावतीत घातला. झालं. मंग १ जुलै १९९८ ले वाशिम पुन्हा जिल्हा झाला. ९३ वर्सं गेली मधे राजेहो! तीन पिढ्या.

आमचे आजोबा सांगत, शेतीच्या धुऱ्याचा दावा होता, अपिलाच्या तारखेले अकोल्याले जा लागे. आदल्या रोजी निघा, धर्मशाळेत झोपा, सकाळी वकिलाच्या घरी, दुपारी पुकारा, अन साहेब रजेवर असला तं परत तेच. पेरणीच्या दिवसात तारीख लागली का माणूस रडकुंडीले ये. थो घोड्याचा हिशोब आमच्याकडे कोनी केलाच नाई, बंडीचा बी नाई केला. अचलपूरवाले तं आजबी जिल्हा मागून राह्यले.

माझा प्रश्न असा हाय का अमेरिकेत असे भांडणं होत का? म्हणजे माझं गाव मुख्य का तुझं. आपल्या इकडे चिमूर का ब्रह्मपुरी हे किती वर्सं चाललं हाय सगळ्यायले माहीत हाय.

प्लेनोवाला:
वाशिमवाले दादा, भांडणं काय, गोळ्या चालल्या! कॅन्ससमधे १८८० च्या दशकात तर या प्रकाराला काउंटी सीटची युद्धंच म्हणतात. ग्रे काउंटीत सिमरॉन आणि इंगल्स अशी दोन गावं. निवडणुकीत दोघंही म्हणे आम्हीच जिंकलो. कागदपत्रं होती सिमरॉनच्या कोर्टात. जानेवारी १८८९ मधे इंगल्सवाल्यांनी डॉज सिटीकडचे नावाजलेले बंदूकवाले भाड्याने आणले, त्यात बिल टिल्घमन होता, आणि वॅगन घेऊन दिवसाढवळ्या सिमरॉनला गेले. काही जण वर जाऊन रजिस्टरं आणून वॅगनमधे भरत होते तेवढ्यात गावकऱ्यांना कळलं, दोन्हीकडून गोळीबार, गावातला एक माणूस गेला, बरेच जखमी झाले, वॅगन निसटली आणि वरच्या मजल्यावर राहिलेले बिचारे तिथेच अडकले. मुख्य ठिकाण पुढे काही वर्षांनी फिरून सिमरॉनलाच आलं, आजही तिथेच आहे. स्टीव्हन्स काउंटीत १८८८ ला ह्यूगोटन आणि वुड्सडेलच्या भांडणात तर गवताच्या कुरणात झोपलेल्या माणसांना ठार मारलं.

बघा, भांडण इमारतीसाठी नव्हतंच, रजिस्टरांसाठी होतं. ज्या गावात जमिनीची नोंदवही, त्या गावात वकील, बँक, हॉटेल, छापखाना. ज्या गावातून नोंदवही गेली ती गावं कॅन्ससमधे अक्षरशः ओस पडली, इंगल्स आजही चिमुकलं आहे.

उलट टोकही आहे. टेक्सासात लव्हिंग काउंटी आहे, २०२० च्या जनगणनेत तिथे ६४ माणसं. चौसष्टच. पण तिचं कोर्टहाऊस आहे, शेरीफ आहे, काउंटी जज आहे. आणि हा काउंटी जज लोक मतदानाने निवडतात बरं का, तो चार कमिशनरांसोबत बजेट आणि रस्ते बघतो, वकील असलाच पाहिजे अशीही अट नाही. याच देशात लॉस एंजेलिस काउंटीत जवळपास एक कोटी लोक राहतात. कनेक्टिकट राज्याने तर १९६० मधे काउंटीचं सरकारच बंद केलं, काउंट्या उरल्या नकाशावर.

सिरोंचा_रोड:
मी गडचिरोली जिल्ह्यात शिक्षक होतो, सिरोंचा आणि अहेरी दोन्हीकडे नोकरी केली, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सिरोंचा एकेकाळी जिल्ह्याचं ठिकाण होतं. १८६० ला निजामाकडून गोदावरीकाठचा मुलूख इंग्रजांकडे आला, त्याचा अप्पर गोदावरी जिल्हा केला आणि डेप्युटी कमिशनर सिरोंच्याला बसायचा. ग्लासफर्ड नावाचा अधिकारी होता, त्याच्या नावाचं ग्लासफोर्डपेठा हे गाव आजही तालुक्यात आहे. १८७४ ला जिल्हा मोडला, भद्राचलमकडचा भाग मद्रासला गेला आणि सिरोंचा चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जोडलं. म्हणजे ज्या गावात जिल्ह्याची कचेरी होती तिथल्या माणसाला आता चांद्याला जायचं. मधे नद्या, जंगल, पावसाळ्यात चार महिने वाट बंद. असं शंभर वर्षांहून जास्त चाललं. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला तेव्हा लोक खूश झाले, पण सिरोंच्याहून गडचिरोली अजून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहेच. एवढ्या अंतरात टेक्सासवाल्यांनी चार काउंट्या पाडल्या असत्या.

हे नुसतं गैरसोयीचं नाही. माझ्या वर्गातल्या एका पोराचा बाप साक्षीदार म्हणून समन्स आलं तर दोन दिवसांची मजुरी बुडवून जायचा, भाषा माडिया, कोर्टात मराठी, आणि तारीख पुढे गेली की गप परत. काही लोक तर साक्षीला जाणंच टाळायचे. कोर्ट लांब असलं की खरं बोलणारा माणूस तिथपर्यंत पोचतच नाही. अहेरी जिल्ह्याची मागणी होते तेव्हा नागपुरातले लोक म्हणतात कशाला हवेत एवढे जिल्हे, खर्च वाढतो. त्यांनी एकदा सिरोंच्याहून एस्टीने गडचिरोलीला जाऊन यावं.

धंतोलीकर:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सिरोंचा_रोड सर, तुमचं वाचून फार वाईट वाटलं.

यातून एक व्यवहाराचा प्रश्न निघालाय. आमचं मूळ गाव आर्वीकडचं, नंतर काही जमीन गोंदियाकडे घेतली होती पणजोबांनी, १९३० च्या आसपास तिचा दावा चालला होता एवढंच घरात माहिती आहे. जिल्हे असे बदलत गेले तर जुने कागद कुठे जातात? ते वॅगनमधे भरून नेत नसतील ना आपल्याकडे?

प्लेनोवाला:
इकडचं सांगतो, आपल्याकडचं वकीलसाहेब सांगतील. इकडे वंशावळ शोधणारे आधी काउंटी कधी आणि कुणातून फुटली ते बघतात. कॉलिन काउंटी १८४६ ला फॅनिनमधून निघाली, एलिस १८४९ ला नॅव्हारोमधून. म्हणजे १८४८ चं खरेदीखत वॅक्साहाचीला मिळणार नाही, नॅव्हारोचं कोर्ट कोर्सिकानाला आहे तिथे बघायचं. कागद बहुतेक जुन्या काउंटीतच राहतात. आणि आगीचं विचारू नका. व्हर्जिनियात यादवीच्या वेळी कित्येक काउंट्यांनी सुरक्षित राहावं म्हणून आपली दफ्तरं राजधानी रिचमंडला पाठवली आणि एप्रिल १८६५ मधे रिचमंडच जळलं. जिथे मूळ जागी ठेवली तिथे कागद वाचले, नॉर्थॅम्प्टन काउंटीची कोर्टाची दफ्तरं १६३२ पासून सलग आहेत! नंतरच्या दगडी कोर्टांमधे लोखंडी दाराची तिजोरीखोली असते ती याच धास्तीने.

काळाकोट:
ताई, गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून निघाला. तेव्हा १९३० चा दावा असेल तर आधी भंडारा जिल्हा न्यायालयाच्या रेकॉर्ड रूमला विचारा, मग गोंदियाला. आर्वीचं वर्ध्याला, १८६२ च्या आधीचं काही असेल तर नागपूर. नकलेच्या अर्जात पक्षकारांची नावं, मौजा, तहसील आणि त्या साली जो जिल्हा होता तो लिहा, आजचा नको, नाहीतर क्लार्क आजच्या नोंदवहीत बघून अर्ज परत करेल. दाव्याचा नंबर आणि निकालाचं साल असेल तर उत्तमच. पण एक लक्षात घ्या, दिवाणी प्रकरणाचे सगळे कागद कायम ठेवत नाहीत, मुदत झाली की बरंचसं नष्ट करतात. म्हणून हुकूमनामा मागा, तो टिकलेला असण्याची शक्यता जास्त.

जमिनीचा माग मात्र कोर्टाशिवायही निघतो. तहसीलला १९५४-५५ चे अधिकार अभिलेख मागा, आणि गावाचं निस्तार पत्रक आणि वाजिब उल अर्ज असेल तर तेही बघा, आपल्या मध्य प्रांताच्या भागात ही कागदं आहेत, पुण्याकडच्या वकिलाला बऱ्याचदा माहितीही नसतात. गावकऱ्यांनी कुठल्या जंगलातून लाकूड आणायचं, गुरं कुठे चारायची, पाणवठा कुणाचा, सगळं लिहिलेलं असतं. सिरोंचा_रोड सरांना माहीत असेल, गडचिरोलीत वनहक्काच्या दाव्यांना निस्तारचा हाच कागद कामी आला. मी एका गावाचं निस्तार पत्रक हातात घेतलंय, कडा गेलेल्या, शाई तपकिरी, पण मोहाची फुलं कुणी वेचायची ते स्पष्ट वाचता येत होतं.

काही जिल्ह्यांचे जुने सातबारा आणि फेरफार आपले अभिलेख पोर्टलवर स्कॅन करून टाकलेत, आधी तिथे गाव टाकून बघा. भंडाऱ्याला जाणार असाल तर सोमवार टाळा, मंगळवार-बुधवार बरा, आणि पोचल्यावर आधी नक्कल विभागातच जा. अर्जाचा मसुदा पाहिजे असेल तर मला मेसेज करा, पाठवतो.

वाशिमवाला:
वकीलसाहेब, मसुदा मलेबी पाठवा. १९०५ च्या आंधीचं बासीमचं काई अकोल्याले सापडते का पाहाचं हाय.